तासाला किती कॉलर

कमिटी दहाला येणार होती आणि साडेआठलाच भिंगरीचे हात पळायला लागले होते.

नाव तिचं वेगळं होतं, पण शिलाईच्या चौथ्या लाइनीत तिला सगळे भिंगरीच म्हणत. शर्टाला कॉलर बसवायचं तिचं काम. बाकीच्या बायका तासाला पंचेचाळीस-पन्नास बसवत, ती सत्तर. घाबरली की ऐंशी. भीतीने इतरांचे हात थरथरतात, हिचे पळत. हे अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं आणि मॅनेजरला तर चांगलंच ठाऊक होतं.

सरकार कपड्यांच्या कारखान्यांसाठी किमान वेतन ठरवत होतं. आकडा जवळजवळ पक्का झाला होता. मालकांनी फक्त एक अट घालून घेतली होती: दिवसाचं पूर्ण काम करील त्याला पूर्ण वेतन, कमी पडेल तो शिकाऊ, त्याला निम्मं. मग पूर्ण काम म्हणजे किती? ते मोजत कमिटी कारखान्या-कारखान्यांतून फिरत होती. इथे कॉलर मोजायची होती, आणि मॅनेजरने मशीन निवडलं होतं भिंगरीचं.

शेजारच्या मशीनवर तिची मोठी नणंद बसे. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा. भिंगरीला इथे कामाला चिकटवलं ते तिनेच.

"वन्सं, माझ्याच्यानं हळू व्हायचं नाही," भिंगरी कुजबुजली.

"मग शिंक, खोक, दोरा तोड. लग्नाच्या दिवशी माझ्या भावाला तासभर ताटकळत ठेवलंस, तेव्हा बरी हळू होतीस गं!"

भिंगरीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

नऊला मॅनेजर आला. तो कधी आवाज चढवत नसे, म्हणून त्याची धास्ती जास्त. "रोजच्यासारखंच काम कर बाई. वेगळं काही करायचं नाही." मग शेजारी बघत म्हणाला, "ही तुझी नणंद ना? वय काय झालं हिचं? डोळे तपासून घ्यायला हवेत एकदा."

तेवढं बोलून तो पुढे गेला. नणंदेने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

हात आवरले, तर वन्संना उद्याच घरी बसवतील. हात पळू दिले, तर सत्तरचा आकडा कागदावर चढेल आणि पंचेचाळीस करणाऱ्या वन्सं शिकाऊ ठरतील. भिंगरीने उलटसुलट विचार करून पाहिला. कुठूनही निघालं तरी वाट वन्संपाशीच जात होती.

साडेनऊला मेकॅनिक खोकं घेऊन धावत आला आणि एकेका मशीनच्या सुईपुढे तारेची जाळी बसवत सुटला. बोट सुईखाली जाऊ नये म्हणून ती असते. पाहुणे यायचे असले की बाहेर निघे, एरवी खोक्यात. जाळीआडून सुई नीट दिसत नाही, काम मागे पडतं.

कमिटीत तिघं होते: एक मालकांचा, एक कामगारांचा आणि गळ्यात घड्याळ अडकवलेली एक सरकारी बाई.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळाची कळ दाबली.

पहिल्या कॉलरीला बोटाचं पेर तारेवर आपटलं. दुसरीलाही. मशीनखालून मॅनेजरचे चकचकीत बूट दिसले. मग भिंगरीचे हात सुटलेच. दोरा तोड, ती स्वतःला बजावत होती. हात ऐकत नव्हते. पाच. सहा. सात.

"थांबा." बाई वाकल्या. "ही जाळी वर कशी?"

जाळी वर सरकलेली होती. कधी सरकवली, भिंगरीला आठवेना. हातांनी आपली रोजची उघडी सुई शोधून काढली होती.

"चुकून झालं असेल," मॅनेजर हसून म्हणाला. "आमच्याकडे रोज खालीच असते. हो ना गं?"

नणंदेचं मशीन थांबलं. खरं सांगितलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. पण मॅनेजर आत्ता काय बोलून बसला, तेही तिला दिसलं. त्याला अजून दिसलं नव्हतं.

"हो साहेब," ती म्हणाली. "खालीच असते. रोज."

बाईंनी ते लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली आणि जाळी स्वतःच्या हाताने खाली ओढली. "मग खाली ठेवूनच मोजू. पहिल्यापासून."

मॅनेजरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. भिंगरीचे हात याही वेळी पळायलाच बघत होते, पण तारेवर पेरं सोलवटत होती. पाव तासात अकरा कॉलरी. तासाला चव्वेचाळीस.

संध्याकाळी रस्त्यात नणंदेने तो आकडा तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. "चव्वेचाळीस! मग मला जमतं की गं!"

"जाळी नसली तर," भिंगरी म्हणाली.

रात्री तिने जेमतेम दोन घास गिळले. उद्या सगळ्यांच्या मशीनला जाळी असली, तर वन्संच्या तासाला तीसही व्हायच्या नाहीत.

सकाळी तिने आधी शेजारच्या मशीनकडे बघितलं. सुई उघडी होती. जाळ्या परत खोक्यात गेल्या होत्या, कारखान्याला माल हवा होता. भिंगरीचा जीव भांड्यात पडला.

मॅनेजर तिच्यामागे येऊन उभा राहिला. आवाज कालच्याइतकाच मऊ. "कोणाच्या बोटाला काही झालंच, तर कमिटीच्या कागदावर सही तुझी आहे. जाळी रोज खालीच असते. बरोबर ना?"

भिंगरीने मान हलवली. शेजारी वन्सं नाक कापडाला टेकेपर्यंत वाकल्या होत्या. चष्मा घसरला होता. चव्वेचाळीसच्या खाली यायचं नाही म्हणून ओठांतल्या ओठांत मोजत, त्या बोटं सुईच्या आणखी जवळ नेत होत्या.

भिंगरीचे हात पळू लागले. डोळे मात्र त्या दुसऱ्या सुईवरून हलेनात.