सटाण्याला न आलेला फोन

अंबडच्या त्या पंपाच्या कारखान्यात जयराम नुसता स्टोअर सांभाळायचा, पण तोरा असा की अख्खा कारखाना आपल्याच करदोड्याला बांधलाय. बांधलेली होती ती स्टोअरची किल्ली. बेअरिंगं वनस्पती तुपाच्या डब्यात, ऑइल सील बिस्किटांच्या डब्यात, आणि एकाही डब्यावर अक्षर नाही. माल हवा तर त्याचा चहा संपेपर्यंत खिडकीशी ताटकळायचं. मशीन खोळंबलं की गड्याला बरं वाटायचं. अशा माणसाला लोक कंपनीचा खांब म्हणतात. असतो तो दारातला धोंडा; जो तो ठेचकाळतो म्हणून सगळ्यांना ठाऊक.

सत्त्याण्णव साली मालक भारतशेठांनी आयएसओचं सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी शुभांगी नावाची तरुण इंजिनीअर नेमली. प्रत्येक कामाची रीत लिहून काढायची, प्रत्येक वस्तूला जागा आणि नाव द्यायचं, म्हणजे कुणावाचून काम अडत नाही, असं ती सांगे. सर्टिफिकेट भिंतीला टांगून पंप पाणी चढवतो का, असं जयरामनं सगळ्यांना ऐकवलं.

शुभांगी वाद घालत बसली नाही. स्टूल ओढून समोर बसली आणि विचारत राहिली. ऐकणारं माणूस मिळाल्यावर जयराम फुशारला. कोणतं बेअरिंग कुठे, कोणता सील उन्हाळ्यात चिकटतो, कोणता माल संपायच्या किती आधी मागवायचा, सगळं ओकून मोकळा झाला.

"लिही बाई, लिही," तो म्हणाला. "हात दुखंल, पण जयराम काय कागदात मावायचा नाय."

मावला. दिवाळीच्या आत डबे भंगारात गेले, रॅक उभे राहिले आणि खणाखणावर पाट्या लागल्या. बढाईखोराच्या पोटात काही राहत नाही, हे त्या पोरीनं बरोबर हेरलं होतं.

जयरामची बायको छाया सटाण्याची. स्टोअर अडेल म्हणून हा सासरी कधी मुक्कामाला राहिला नाही. पाट्या लागायच्या आधी, छायाची आई शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हाही दोघं सकाळी गेले आणि संध्याकाळी परतले. आपल्याला डबा कोण देणार म्हणून त्यानं छायालाही मागे राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली. कारखाना मोठा, आपलं दुःख लहान, अशी छायानं मनाची समजूत घातली.

आता तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं, तर जयराम आपणहून म्हणाला, चांगले चार दिवस राहू. नाक मुठीत धरून बोलवायला येतात की नाही बघच. किल्ली त्यानं शुभांगीच्या टेबलावर टाकली आणि सासऱ्याच्या शेजारच्या किराणा दुकानाचा फोन नंबर दरवानापासून मालकापर्यंत सगळ्यांना वाटला.

वऱ्हाड मांडवात आणि जयराम दुकानाच्या ओट्यावर. हळद लागली तरी तिथेच, अक्षता पडल्या तरी तिथेच. दर थोड्या वेळानं विचारायचा, आपला फोन? शेवटी दुकानदार धोंडीराम विटला.

"नही उना फोन, पाव्हना. जेवी ल्या."

परतून कारखान्यात गेला, तर स्टोअरच्या खिडकीत वेल्डिंगमधला सोमा बसलेला. पाटी वाचून माल देत होता. रांग नव्हती. भारतशेठ दारातच भेटले. "आलास पण? राहायचं होतंस की अजून," म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता, तेच त्याला जास्त लागलं.

घरी येऊन मात्र त्यानं छायाला सांगितलं की कारखान्यात नुसता गोंधळ माजला होता, मी पोचलो म्हणून निभावलं.

छाया भाकरी थापत होती. सटाण्याला नवऱ्याची तगमग बघवेना म्हणून, तो जेवायला उठला तेवढ्यात तिनं धोंडीरामच्या दुकानातून स्वतःच शुभांगीला फोन केला होता. तुमच्या मिस्टरांनी सगळं सांगून ठेवलंय, पाट्या लागल्यात, काही अडत नाही, निवांत राहा, असं शुभांगी म्हणाली होती.

"त्या पाट्या तुम्ही तेव्हाच लावल्या असत्या," छाया म्हणाली, "तर मला आईपाशी राहता आलं असतं."

आणि तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली.