चौदा नंबरचं फाटक

आमच्या वाटेवर मोटार येत नाही, हे तुम्हांला सगळे सांगतील. जुन्या रेल्वेलाइनचे रूळ काढून तिथं सायकलींसाठी वाट केली आहे. माहितीपत्रक मीच लिहिलंय, त्यात पहिलंच वाक्य आहे: चव्वेचाळीस किलोमीटर, एकही गाडी नाही. डच येतात, बेल्जियन येतात, सायकलीच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या, मागे जोडलेल्या छोट्या गाड्यात झोपलेलं पोर. आमच्या कुर्सेल गावात थांबून चीज खातात आणि काय शांतता आहे म्हणतात. मी म्हणते, हो, आहे खरी. अकरा ठिकाणी रस्ता आडवा येतो, ते पत्रकात खाली बारीक अक्षरांत आहे.

माझे वडील मारियुस लागूत आधी रुळांच्या गँगमध्ये होते. एका हिवाळ्यात रूळ निसटून उजव्या पायावर पडला. रेल्वेनं मग त्यांना चौदा नंबरचं फाटक दिलं आणि फाटकाला चिकटून दोन खोल्यांचं घर. तिथं त्यांनी एकतीस वर्षं काढली. माझा जन्म त्याच घरातला.

मागच्या स्टेशनातून घंटी आली की गाडीच्या पाच मिनिटं आधी फाटक लागलं पाहिजे, हा नियम. एकदा लागलं की कुणाची गय नाही. ट्रॅक्टर थांबायचे, डॉक्टर थांबायचा. जुन्या मेयरची अंत्ययात्रासुद्धा त्यांनी थांबवली होती, आणि मागून आली काय, तर रिकाम्या डब्यांची मालगाडी. पाद्रीबुवा भर रस्त्यात तापले. पापा म्हणाले, "मेलेल्याला घाई नसते, फादर." संध्याकाळी आईनं त्यावरून धारेवर धरलं, तेव्हा त्यांनी मला मांडीवर घेऊन नीट समजावून सांगितलं. रुळावरून जो येतो त्याला थांबता येत नाही. रस्त्यावरच्याला येतं. म्हणून रस्ता थांबतो. त्यात पाद्री आणि मेयर काही नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या फाटकावर एक कोंबडी मेली नाही, हे ते पाहुण्यांना पहिल्या पेल्याबरोबर सांगत.

मग प्रवासी गाडी बंद झाली, काही वर्षांनी मालगाडीही. पापांनी ते घर रेल्वेकडून विकत घेतलं आणि तिथंच राहिले. रुळांवर काटेरी झुडपं माजली. पापा आणि त्यांच्यासारखेच चार म्हातारे दर शनिवारी कोयते घेऊन निघत आणि बोगद्यापर्यंतचा मार्ग साफ करत. गाडी परत येणार, निदान उन्हाळ्यात हौशी लोकांसाठी तरी येणार, अशी त्यांची खात्री होती. गाव त्यांना हसायचं. मीही हसायची, पण शनिवारी त्यांचा डबा मीच भरायची.

रूळ उखडून सायकलींची वाट करायची की नाही, हे आमच्या पंचायतीत आलं तेव्हा मी सभासद होते. अकरा जण आम्ही. पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाळेत नऊ मुलं उरली होती, बेकरी बंद पडायला आली होती, आणि म्हाताऱ्यांचे कोयते काही गाडी आणणार नव्हते. मी वाटेच्या बाजूनं हात वर केला. आजही तेच करीन, हे मला सांगितलंच पाहिजे. माझं पुढचं रडगाणं ऐकून तुम्हांला वाटेल की मला मताचा पश्चात्ताप झाला. तो नाही झालेला.

दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी थेट फाटकावर गेले. पापा सूप पीत होते. मी सांगितलं. त्यांनी पाव मोडला, सुपात बुडवला, खाल्ला.

"रूळ एकदा काढले की परत कुणी घालत नाही, गिलेन," ते म्हणाले. आणि मला वाढलं.

अबोला धरला नाही त्यांनी. धरला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. रविवारी मी जायची, कोंबडीचा रस्सा व्हायचा, पत्ते व्हायचे, हवापाण्यावर बोलणं व्हायचं. फक्त रूळ उचलायला यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची लाइनच्या बाजूची झडप लावली. ती तीन वर्षं उघडली नाही. भर दुपारी दिवा लावून जेवायचो आम्ही. बाहेरून सायकलींच्या घंट्या ऐकू यायच्या, पोरांचं हसणं यायचं, आणि पापा म्हणायचे, यंदा सफरचंदं लहान आहेत.

आईची, म्हणजे ओदेतची, कबर रस्त्यापलीकडे. नवी वाट कब्रस्तानाच्या मागच्या दारापाशीच जाते, फाटकापासून सहाशे पावलं. पापा मात्र टेकडीवरून वळसा घालून जात, त्या लंगड्या पायानं, पाऊण तास. का, ते मला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. त्यांच्या जोडीदार म्हाताऱ्यांपैकी लेओन्सनं एकदा पत्ते पिसता पिसता चिडवलंच, मारियुस, तू वर जाईपर्यंत ओदेत उठून खाली भेटायला येईल. पापा हसले नाहीत. मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा माझ्याबरोबर त्या वाटेनं यावं. तोंडानं काही म्हणायला नको होतं, माफ केलं वगैरे. नुसतं यावं, बस.

दगड हलला तो एका परक्या बाईमुळे. सत्तरीची डच बाई, एकटीच निघालेली, पंक्चर झालं म्हणून तिनं दार ठोठावलं. पापांची स्वतःची सायकल होती, पाव आणायला जायची, जुनी निळी. चालताना लंगडत, पण सायकलवर तो पाय कुणाला कळायचा नाही. त्यांनी टायर उतरवलं, भोक शोधलं, ठिगळ लावलं. बाई मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली की सकाळपासून चढते आहे आणि चढ कुठं आहे ते पायांना कळतच नाही, कुणी केलं हे? झालं. हजार मीटरला सहा मीटर, त्याहून जास्त कुठंच नाही, पापा सांगत बसले. इंजिनाला त्याच्यावर झेपत नाही, म्हणून डोंगर कापला, म्हणून बोगदा. रूळ गेले बाई, पण चढ आमचाच आहे. ती तासभर ऐकत बसली, त्यांची वाइन प्याली आणि गेली.

पुढच्या रविवारी मी गेले तर स्वयंपाकघरात ऊन. झडप उघडी. खिडकीत पाण्याचा जग आणि चार पेले मांडलेले, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी झडप परत लावली असती, इतकी मी त्यांना ओळखते.

सप्टेंबरात एक दिवस कॉफी संपवून त्यांनी विचारलं, "तुझ्या सायकलीत हवा आहे का?"

मी म्हटलं, आहे.

"मग बोगद्यापर्यंत जाऊन येऊ. बघू काय करून ठेवलंय तुम्ही."

मला काय झालं ते सांगू? मी पन्नाशीच्या घरात आलेली बाई, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग त्यांच्यामागे कटकट लावली. टोपी घाला, ब्रेक बघा, बोगद्यात गारठा असतो, अंगात काहीतरी घाला, मागून जोरात कुणी आलं तर उजवीकडे राहा. ते म्हणाले, "माझी आई तरी गप्प बसायची." शहात्तर वर्षांच्या माणसाला मी लहान मुलासारखी तयार करून बाहेर काढलं. घर बोगद्याच्या बाजूला आहे, त्यामुळे जाताना रस्ता ओलांडावा लागत नाही.

असा दिवस मला परत मिळायचा नाही. ते पुढे, मी मागे. दोन्हीकडे हेझलची झाडं, गाईंची कुरणं, आणि पापांचं तोंड सुरू. हा दगड बघ, एकवीस किलोमीटर. इथं चिखल खचायचा, दर वसंतात खडी घालायला लागायची. इथं लेओन्सनं दारू पिऊन अख्खं जेवण नाल्यात पाडलं. एका वळणावर थांबले आणि म्हणाले, इथं पाय गेला. मला ती जागा तोवर माहीत नव्हती. तिथं आता एक बाक आहे, पंचायतीनं ठेवलेला. त्यावर बसून आम्ही सॉसेज आणि पाव खाल्ला. एक मोठं कुटुंब घंट्या वाजवत गेलं, पापांनी सगळ्यांना बोंजूर केलं.

"गुळगुळीत केलंय," ते म्हणाले. "काम वाईट नाही."

आमच्या घरात याच्यापुढे कौतुक जात नाही. मी सॉसेजकडे बघत राहिले.

परतीला उतार आहे, न कळणारा. पायडल न मारता सायकल जाते. घर दिसायला लागलं तेव्हा मला वाटलं, इथं थांबू, मी कॉफी करीन. पापांनी मान मागे वळवली आणि म्हणाले, "चल, तसंच ओदेतकडे जाऊ. सहाशे पावलं तर आहेत." आणि पुढे झाले.

त्यांना ते फाटक जन्मभर बाजूनं माहीत होतं, दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला दिसतं तसं. लाइनवरून, समोरून, ते पहिल्यांदाच त्याच्याकडे येत होते. आम्ही तिथं लाकडाचे दोन आडवे दांडे बसवलेत, मधून सायकल जाईल एवढी फट ठेवून, आणि लाल पाटी, थांबा. पापा पाटीकडे बघत नव्हते, रस्त्याकडेही नाही. ते डावीकडे, आपल्या घराच्या दाराकडे बघत होते, आणि त्यांनी डावा हात उंच केला. इंजिनावरचे ड्रायव्हर जाताना तसाच करत, फाटकवाल्याला. मला हसू आलं. खरंच मी हसत होते. मग ते फटीतून सरळ रस्त्यावर गेले.

मोटार चालवत होती ती घरोघरी जाणारी नर्स, मादाम जुव्हेनो, इंजेक्शन देऊन परत निघालेली. वेग जास्त नव्हता, तिनं ब्रेकही मारला, पोलिसांना तिथं टायरच्या खुणा मिळाल्या. तिचा दोष नाही, मी तेव्हाही तेच सांगितलं. ती माझ्याआधी त्यांच्यापाशी पोचली, त्यांचं डोकं धरून बसली, हलवू नका म्हणाली. निळ्या सायकलीचं चाक फिरत होतं. मी रस्त्यावर आडवी झाले, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन.

पापांचे डोळे उघडे होते. दुखत असेल, पण चेहऱ्यावर दुखणं नव्हतं, लाज होती.

"फाटक लावायचं राहिलं माझं," ते म्हणाले.

एकतीस वर्षांत एक कोंबडी नाही, आणि हा माणूस रस्त्यावर पडून स्वतःवर ठपका घेत होता. मला ते सहन झालं नाही. मी खोटं बोलले.

"लावलं होतं, पापा. तुम्हीच लावलं होतं. वेळेवर."

त्यांनी मादाम जुव्हेनोकडे बघितलं, तिच्या मागच्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं. बराच विचार केला.

"मग गाडी आत आली कशी?" त्यांनी विचारलं.

ॲम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली, तोवर ते गेले होते.

पोलिसानं नंतर सौम्यपणे विचारलं की रस्त्यापाशी थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का. मी टोपीचं सांगितलं होतं, ब्रेकचं, गारठ्याचं. फाटकाचं नव्हतं सांगितलं. त्या माणसाला फाटक मी काय शिकवणार होते?

मादाम जुव्हेनो दर नोव्हेंबरात शेवंतीची कुंडी घेऊन कबरीवर येते. ती टेकडीवरून येते, मी वाटेनं. तिला वाटतं पापा तिला दोष देत होते, तो प्रश्न तिच्यासाठी होता. मी तिला सांगितलंय की नव्हता. उत्तर मला त्या क्षणीच माहीत होतं. वाट झाल्यावर पंचायतीत अकरा फाटकांचा विषय निघाला होता, रस्ता थांबवायचा की सायकली. रस्ता जाऊ द्या, सायकलींना थांबवा, असं ठरलं. दोन मिनिटांत ठरलं, कुणी विरोधात नव्हतं, मी हात वर केला आणि घड्याळाकडे बघितलं. ते पापांना सांगायला मात्र मी गेले नव्हते.