एका दमात म्हणायचं वाक्य

नाटकाची वही सेन्सॉर कचेरीतून परत आली ती ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, दुपारी. काजेटान श्टाउडिग्लने ती कॉफीखान्यात आमच्या टेबलावर आपटली, तेव्हा डॉक्टर वुर्झिंगरांची अर्धी कॉफी बशीत सांडली.

“वाचा,” काजेटान म्हणाला, “आणि मला सांगा, आपल्यातलं कोण त्यांच्याकडे जेवायला जातं.”

टेबलावर आम्ही तिघेच होतो. काजेटान व्हिएन्नाच्या लेओपोल्डश्टाट उपनगरातल्या नाटकगृहासाठी विनोदी नाटकं लिहायचा आणि त्यातली मुख्य भूमिका स्वतः करायचा. डॉक्टर आमच्या दैनिकाचे नाट्यपरीक्षक. मी त्याच दैनिकाचा शहर वार्ताहर: आगी, बुडालेली माणसं, नगरसभेच्या बैठका, आणि रोज चार वाजता छपाईआधीची प्रुफं सेन्सॉरला दाखवून आणणं.

वहीत एकही वाक्य कापलेलं नव्हतं. हेच विचित्र होतं. त्याऐवजी समासात, लाल शाईने, अकरा ठिकाणी सूचना लिहिल्या होत्या. ‘हे वाक्य एका दमात म्हणावे.’ ‘या शब्दानंतर थांबू नये.’ ‘येथे नटाने वर पाहू नये.’

नाटकाचं नाव ‘गावचं घड्याळ’. एका गावाचं घड्याळ कायम पावणेबारा दाखवतं आणि तेच बरोबर आहे असा नगराध्यक्षाचा हुकूम असतो. काजेटान घड्याळजी होणार होता. त्याला नेमलेलं असतं घड्याळ पुसायला; घड्याळाला किल्ली द्यायची परवानगी नसते. पहिल्या अंकाच्या शेवटी तो म्हणतो, “आमच्या गावात सगळं वेळेवर होतं.” कागदावर हे वाक्य राजवाड्यातल्या मुलांनाही वाचून दाखवता आलं असतं. काजेटान मात्र वाचून दाखवताना ‘सगळं’ म्हणून थांबला होता, वर नसलेल्या घड्याळाकडे बघून मग उरलेलं बोलला होता.

“मी हे नाटक एकदाच वाचलंय,” काजेटान म्हणाला. “गेल्या महिन्यात. इथं, तुम्हा दोघांसमोर. अकरा जागी थांबलो होतो, अकरा जागी त्यांची शाई आहे. वहीत थांबा लिहिलेला नसतो, मग त्यांना तो ऐकू आला कुणाच्या कानानं?”

“अरे, योगायोग असेल,” डॉक्टर म्हणाले.

“अकरा वेळा? डॉक्टर, तुम्ही परीक्षण लिहिता तेव्हा इतके भोळे नसता.”

त्याची भीती खोटी नव्हती. आदल्या वर्षी त्याने मंजूर वहीत नसलेलं एक वाक्य रंगमंचावर म्हटलं होतं. प्रत्येक प्रयोगाला पोलीस कमिशनर मांडीवर मंजूर वही घेऊन बसतो आणि ओळीवरून बोट फिरवतो. ते बोट थांबलं आणि काजेटान तीन दिवस कोठडीत बसला. सुटताना लेखी ताकीद मिळाली: पुन्हा असं झालं तर व्हिएन्ना आणि उपनगरांतली सर्व नाटकगृहं त्याला कायमची बंद. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते या शहराच्या बोलीतच चालत होतं. ग्राझ शहरात त्याने एकदा प्रयोग केला होता. लोक शांतपणे बसून राहिले होते.

काजेटानची नजर शेजारच्या टेबलावर गेली. तिथं होलुब बसायचा, करवसुली खात्यातला निवृत्त कारकून. तपकीर ओढायची, एकच कॉफी दोन तास पुरवायची आणि छोट्या वहीत काहीतरी लिहायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. नाटक वाचलं त्या दिवशीही तो तिथंच होता.

“काय लिहितो हा?” काजेटान मोठ्याने म्हणाला. “अहो होलुब, आमची नावं बरोबर लिहिताय ना? श्टाउडिग्लमध्ये चूक नको. पगार कापतील तुमचा.”

होलुबने वही बंद केली. “मी आपलं माझं लिहितो, साहेब.”

“तेच म्हणतो मी. माझं मी लिहितो आणि तुमचं तुम्ही. वाचणारा मात्र एकच.”

आसपासची माणसं हसली. काजेटानने तेवढ्यावर सोडलं नाही. त्या आठवड्यात त्याच्या जुन्याच नाटकाचा प्रयोग होता. त्यातल्या गावकोतवालाच्या भूमिकेत तो होलुबसारखा पाठीत वाकून आला, होलुबसारखी तपकीर ओढली आणि नखाएवढी वही काढली. एक शब्दही बदलला नाही, त्यामुळे कमिशनरचं बोट चालत राहिलं. नाटकगृह हसून पडलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारचं टेबल रिकामं झालं. मी पुढे चौकशी केली. होलुबने खोली सोडली होती आणि नवा पत्ता घरमालकिणीला सांगितला नव्हता. त्या वहीत काय होतं हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी प्रुफं घेऊन कचेरीत गेलो. आमचा नेहमीचा अधिकारी तापाने आजारी होता, म्हणून मला आतल्या खोलीत लाइटगेबकडे पाठवलं. हा लाइटगेब नाटकं वाचायचा. गोल चेहऱ्याचा, सभ्य माणूस. टेबलावर कागदात गुंडाळलेला पाव आणि सॉसेज होतं. शेजारी एक जाड फाईल उघडी पडली होती. तिच्यात आमच्या दैनिकाची कात्रणं ओळीने चिकटवलेली होती, आणि त्यावर लाल रेघा.

मी मथळा उलटा वाचला. डॉक्टरांची लेखमाला होती ती, ‘श्टाउडिग्ल कसा पाहावा’. सहा लेख.

ही लेखमाला का लिहिली गेली ते सांगायला हवं. काजेटानच्या नाटकांविषयी शहरात दोनच मतं होती. मोठ्या वर्तमानपत्रांतले परीक्षक म्हणत, हा उपनगरातला गोंगाट आहे. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने लिहिलं होतं की या नाटकांत नीतीही नाही आणि विचारही नाही. एकट्या डॉक्टरांनी सहा आठवडे लिहून दाखवून दिलं की विचार आहे. तो वाक्यांत शोधू नका, दोन वाक्यांच्या मधल्या जागेत शोधा. मूर्ख पात्र स्तुती करू लागलं की मनात तीन मोजा. नोकर मालकाच्या मताशी सहमत झाला की त्याचे डोळे कुठं आहेत ते बघा. ‘सगळं’, ‘नेहमी’, ‘प्रत्येक’ असा शब्द आला की सावध व्हा. काजेटानवर इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.

लाइटगेबने माझी नजर पाहिली, पण फाईल झाकली नाही.

“तुमच्या डॉक्टरांचे फार उपकार आहेत माझ्यावर,” तो म्हणाला. “अठरा वर्षं मी विनोदी नाटकं वाचतोय. दुसऱ्या अंकात डोळा लागायचा. आता एकटाच बसून हसतो हो! बायको म्हणते, हल्ली कचेरीतून खुशीत येता.”

“म्हणजे ‘गावचं घड्याळ’—”

“नियम लावत गेलो. अकरा जागा सापडल्या. बाराव्या जागेचा संशय होता, पण पुरावा नव्हता.” त्याने पावाचा तुकडा मोडला. “डॉक्टरांना विचारा ना, पुढची लेखमाला कधी?”

मी कचेरीतून थेट डॉक्टरांच्या घरी गेलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे आलं ते मला लिहायला आवडत नाही, पण मी पाहिलं: त्यांना बरं वाटलं. कोणीतरी त्यांचं लिखाण ओळ न ओळ वाचलं होतं आणि त्यातला प्रत्येक नियम वापरून पाहिला होता. मग ते खाली बसले.

“आणि होलुब?” ते म्हणाले.

“त्याचं टेबल रिकामंच आहे,” मी म्हणालो.

“काजेटानला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“डॉक्टर, तो तुमचा मित्र आहे.”

“म्हणून तर. त्याला कळलं की शनिवारी ते रंगमंचावर येणार. माझ्यासारखा चालेल, माझ्यासारखा चष्मा पुसेल, आणि लाइटगेबचा पाव खाईल. आणि पुढच्या सोमवारी कोठडीत.”

काजेटानच्या पोटात काही राहत नसे. मी शब्द दिला.

‘गावचं घड्याळ’चा पहिला प्रयोग नोव्हेंबरात झाला. कमिशनर वही घेऊन पहिल्या रांगेत. पहिला अंक संपत आला. काजेटान घड्याळाखाली येऊन उभा राहिला. मान खाली, नजर स्वतःच्या बुटांवर, हात विजारीच्या शिवणीला चिकटलेले. सूचनेप्रमाणे त्याने दीर्घ श्वास घेतला आणि वाक्य एका दमात म्हटलं, इतक्या घाईने की शेवटचा शब्द घशात अडकला. वर पाहायची बंदी असलेल्या माणसाची मान वर जाऊ नये म्हणून कशी थरथरते ते त्याने दाखवलं. थांबला नाही. कुठंच थांबला नाही.

क्षणभर प्रेक्षकांना काही कळलं नाही. मग वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, “अगं बाई, याला दम भरलाय!” आणि सगळं नाटकगृह उठलं. कमिशनरने वही पुढेमागे उलटली. प्रत्येक सूचना पाळलेली होती. पुढच्या दहा जागीही तेच झालं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “याच्यावर मला पाच रकाने लिहिता आले असते.”

त्यांनी अकरा ओळी लिहिल्या. ‘श्टाउडिग्ल यांचा नवा फार्स निरुपद्रवी आहे. घड्याळाची कल्पना गमतीची असली तरी तिच्यात काही अर्थ शोधण्याचे कारण नाही. नट थकलेला वाटला. संवाद घाईघाईने म्हटले गेले.’ सहीही नेहमीचीच.

ते छापून आलं त्या दुपारी काजेटान कॉफीखान्यात आला तो उभाच राहिला.

“किती दिलं त्यांनी?” त्याने विचारलं.

“काजेटान, बस जरा.”

“प्राध्यापकानं लिहिलं असतं तर मी हसलो असतो. तुम्ही? तुम्ही अख्खा प्रयोग पाहिलात, डॉक्टर. मी रंगमंचावरून तुमच्याकडेच बघत होतो, म्हणजे बुटांकडे बघून उरलेल्या वेळात. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि नट थकलेला वाटला?”

“तसं वाटलं मला.”

“त्या बिचाऱ्या होलुबला मी उगाच रडवलं. खबऱ्या माझ्याच टेबलावर बसून श्ट्रूडल खात होता.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. काजेटान निघून गेला. त्या दिवसापासून तो पलीकडच्या रस्त्यावरच्या कॉफीखान्यात बसू लागला, आणि त्याच्याबरोबर आमच्या कॉफीखान्याची निम्मी गिऱ्हाइकं गेली.

मला वाटलं, मोठी किंमत देऊन का होईना, काजेटान वाचला. दोन दिवसांनी लाइटगेबने मला आत बोलावलं. फाईल उघडी होती. अकरा ओळींचं कात्रण शेवटच्या पानावर चिकटवलेलं होतं आणि त्याच्याभोवती लाल वर्तुळ होतं.

“डॉक्टर असं भिकार लिहीत नाहीत,” तो म्हणाला. “‘काही अर्थ शोधण्याचे कारण नाही.’ असं कोण लिहितं? ज्याला अर्थ सापडलाय तोच. मी तीनदा वाचलं. तीन मोजून वाचलं.” तो खुर्चीत पुढे सरकला. “प्रयोगात काय झालं? कमिशनर म्हणतो वही तंतोतंत पाळली. मग लोक हसले कशाला? उद्या मी स्वतः जावं म्हणतो.”

तो गेला असता तर पहिल्या अंकातच त्याला सगळं समजलं असतं. शहरात डॉक्टरांच्या खालोखाल तोच काजेटानचा जाणकार होता. मला विचार करायला पाव मोडायला लागतो तेवढाच वेळ मिळाला.

“साहेब, त्यात काही नाही,” मी म्हणालो. “दोघांचं भांडण झालंय. डॉक्टरांनी राग काढलाय.”

“भांडण? कशावरून?”

“होलुब नावाच्या एका कारकुनावरून. काजेटाननं त्याची नक्कल केली, डॉक्टरांना ते पटलं नाही. आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कॉफीखानाही वेगळा झाला. कुणालाही विचारा.”

लाइटगेबने विचारलं. त्याच्या माणसांनी दोन्ही कॉफीखान्यांत आठवडाभर चौकशी केली आणि भांडण खरं असल्याचं कळवलं. ते खरंच होतं. तो नाटकाला गेला नाही. पण फाईल त्याने बंदही केली नाही. मला दर सोमवारी विचारायचा, “झाला का समेट?”

म्हणून मी समेट होऊ दिला नाही. नाताळात काजेटान थोडा नरमला होता. “म्हातारा बरा आहे ना?” असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं, डॉक्टर तुला अजून थकलेलाच म्हणतात. डॉक्टरांनी एकदा चिठ्ठी लिहून माझ्या हाती दिली. ती मी पोचवली नाही. ‘गावचं घड्याळ’ चौतीस वेळा झालं. या काळात मी जे केलं त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

मार्चमध्ये क्रांती झाली, रस्त्यावर गोळीबार झाला, सरकार कोसळलं आणि सेन्सॉर कचेरीला कुलूप लागलं. एप्रिलात मी काजेटानला त्याच्या रंगपटात गाठलं आणि आतापर्यंत इथं लिहिलं ते सगळं सांगितलं: फाईल, अकरा ओळी, चिठ्ठी. तो तोंडावरचा रंग पुसत होता.

“छान आहे,” तो म्हणाला. “मार्चपासून या शहरात मला असा एकही माणूस भेटलेला नाही जो मनातून माझ्या बाजूचा नव्हता. परवा तुझा तो लाइटगेब आला होता. कोटाला क्रांतीची फीत लावून. म्हणाला, श्टाउडिग्ल, मी तुमचं एकही वाक्य कापलं नाही, आठवतं ना? सगळं वाचवलं मी. आणि वही उघडून बघितली तर खरंच एकही कापलेलं नाही.”

“डॉक्टर खोटं बोलत नाहीत.”

“लाइटगेबही नव्हता बोलत.” त्याने फडकं बाजूला टाकलं. “तूही नसशील. पण मी ओळखू कसं? तुझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे म्हणतोस. ती आण.”

ती मी नाताळातच जाळली होती. कचेरीत रोज जाणाऱ्या माणसाने असा कागद खिशात ठेवायचा नसतो. मी तसं सांगितलं.

“अस्सं,” काजेटान म्हणाला, आणि आरशाकडे वळून उरलेला रंग पुसू लागला.