कापून टाकायच्या रेघा

धाकट्याला हाक मारा, घसा बसेपर्यंत मारा, तो ढिम्म. ताट पुढे सरकवलं तर जेवायचं, नाही तर उपाशी बसायचं. घरात माणूस आलं तरी तोंड भिंतीकडे. आपल्या पोटी हा दगडोबा कुठून आला, असं आई त्याच्या तोंडावर सतरा वेळा म्हणायची. पण तेच थोरली सून म्हणाली तेव्हा तिला झोंबलं. भावोजींना काही कळतच नाही, सून म्हणाली, मग ते घरात असले काय नि संस्थेत असले काय, त्यांना सारखंच. थोरल्यानं बायकोच्या बोलण्यावर मान डोलावली. सोमवारी धाकट्याला मनोरुग्णांच्या संस्थेत सोडायचं ठरत आलं होतं, आणि कुणाचं ऐकून न घेणारी आई त्याला कळतं याचा पुरावा शोधत होती.

त्याआधी डॉक्टरांनी मेंदूच्या लहरी तपासायला बोलावलं. स्किझोफ्रेनिया सगळ्यांचा एकसारखा नसतो, ते म्हणाले. कुणाला आवाज ऐकू येतात, संशय छळतो, तर कुणी असा गप्प होऊन बसतो. या दोन तऱ्हांच्या रुग्णांच्या लहरींत फरक पडतो का, तेच ते ताडून पाहत होते.

खोलीला खिडकी नव्हती. दाराला आतून गादी ठोकलेली. डोकंभर वायरी चिकटवल्यावर धाकटा दावणीला बांधल्यासारखा दिसू लागला. आई उठली की तोही उठू बघायचा, म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत तीही अडकली. पडद्यावर रेघा सरकू लागल्या, संथ, आळसावलेल्या.

आईला राहवेना. रेघासुद्धा मेल्या याच्याच वळणावर गेल्यात, ती पुटपुटली.

रेघा एकदम काट्यांसारख्या उभ्या राहिल्या.

"काकू, बोलू नका," तपासणारी बाई म्हणाली. "तुम्ही बोललात की हे दात आवळतात. या रेघा मेंदूच्या नाहीत, जबड्याच्या आहेत. हा कचरा आम्ही कापून टाकतो."

आई गप्प झाली. रेघा पुन्हा संथ. जरा वेळानं ती मुद्दाम खाकरली, काही नाही. मग हळूच म्हणाली, दगडोबा.

काटे.

बाईनं डोळे वटारले. हाही तुकडा कापला जाणार होता. थोरल्यापुढे धरायला त्यातलं काहीच उरणार नव्हतं.

वायरी निघाल्यावर आईनं त्याचे चिकट केस पुसले, हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. जबडा अजून ताठच होता.

"माझा राग येतो होय रे? येऊ दे. तिथं संस्थेत कुणावर दात आवळशील? तू घरीच राहायचंस, आणि माझ्यावरच आवळायचे."