कापायला टांगलेला शिर्दाक

ऐपेरीने खिळ्यावरची कात्री काढून कोटाच्या खिशात टाकली. मग भिंतीवर टांगलेल्या शिर्दाकाची एक कड धरून ओढली. एक बाजू दुमडली तर भोकं झाकली जातील, असं तिला वाटलं होतं. पण दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा तो जाड गालिचा जागचा हलला नाही. आणि झाकणार तरी काय काय? खालचा कोपरा गेला होता. काठावरची मेंढ्याच्या शिंगांची नक्षी ठिकठिकाणी तुटली होती. मधल्या मोठ्या फुलाच्या शेजारी कुणीतरी हातरुमालाएवढा चौकोन कापून नेला होता, आणि त्यातून मागची पांढरी भिंत दिसत होती.

"उंदरांनी खाल्लं म्हणून सांग," तिच्या वर्गातला तिलेक म्हणाला. पलीकडेच त्याची स्वतःची कलाकृती, लाकडी फळ्यांची वाट, मांडली होती आणि तो तिच्या वायरी तपासत बसला होता.

"उंदीर चौकोनी खातात?"

"बिश्केकचे आहेत. शिकलेले असतात."

ऐपेरीला हसू आलं नाही. सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता. आई गावाहून, आत-बाशीहून, टॅक्सीत बसली होती आणि सोबतच्या सगळ्या उतारूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा बोलत होती. "माझा शिर्दाक राजधानीत प्रदर्शनाला लागलाय, आणि मला ते शेजारणीकडून कळतंय होय! तिच्या मुलीने फोटो दाखवला. किती सुंदर दिसतोय गं!" फोटो पहिल्या दिवसाचा असणार. तेव्हा शिर्दाक अख्खा होता.

आईने तो ऐपेरीच्या लग्नासाठी केला होता. लोकर धुण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं तिच्या एकटीच्या हातचं. पण लग्न तोंडावर आलं असताना ऐपेरीने होणाऱ्या नवऱ्याच्या, एर्मेकच्या, आईने मागणीच्या वेळी तिच्या कानात घातलेले सोन्याचे डूल काढले, कागदात गुंडाळले आणि स्वतः जाऊन परत दिले. एर्मेक वाईट नव्हता. फक्त तिच्या चित्रांबद्दल तो "लग्नानंतर तुला वेळच मिळणार नाही" असं प्रेमाने म्हणायचा, आणि ते ऐकताना तिला श्वास पुरायचा नाही. आई रागावली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गायीबद्दल, बर्फाबद्दल, सरपणाबद्दल बोलत राहिली. सुट्टी संपून ऐपेरी शहराकडे निघाली तेव्हा आईने शिर्दाकाची वळकटी टॅक्सीच्या मागच्या भागात कोंबली. "तुझा आहे. काय करायचं ते तुझं तू बघ," एवढंच म्हणाली.

ऐपेरीने ते शब्दशः घेतलं होतं.

अशा प्रदर्शनांची तिला आधी भीतीच वाटायची. कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या शिक्षिका गुलझात एजे, म्हणजे गुलझातताई, सगळ्या वर्गाला एक प्रदर्शन दाखवायला घेऊन गेल्या होत्या. तिथे लोक दोरीच्या झोळ्यांत झोपत होते, भिंतीवर खडूने लिहीत होते, अंधारात एकमेकांचे हात शोधत होते. चित्राला हात लावायचा नसतो हे शाळेत शिकलेली ऐपेरी कोपऱ्यात हात खिशात घालून उभी होती. जाता जाता एका झोळीला तिने हळूच झोका दिला, तेवढंच. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. बघणाऱ्याने हात लावल्याशिवाय पुरं होत नाही असं काहीतरी आपणही करावं, हे तिच्या डोक्यात बसलं ते तेव्हापासून.

"कात्री कुठाय?" गुलझात एजे समोर येऊन उभ्या होत्या. रिकाम्या खिळ्यावर त्यांची नजर लगेच गेली होती.

"एजे, आज माझी आई येतेय."

"मग?"

"तिला ठाऊक नाही."

एजेंनी शिर्दाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचा आवाज खाली आला. "कात्री नसेल तर भिंतीवर तुझ्या आईचा गालिचा आहे, ऐपेरी. फाटका गालिचा. त्यात तुझं काय उरलं?" मग त्या म्हणाल्या, "बघ बाई. आई तुझी आहे." आणि निघून गेल्या.

आई आली ती दुपारी. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात ठेवणीतली मखमली बंडी, हातात जड पिशवी. दारातून आत आली आणि सरळ तिलेकच्या फळ्यांवर चढली. पायाखाली एक मेंढी ओरडली. आई दचकून मागे सरकली तर घोडी खिंकाळली.

"अगं बाई! हे काय?"

"माझं काम आहे, एजे," तिलेक ओशाळून म्हणाला. "ज्या फळीवर पाय द्याल त्या जनावराचा आवाज येतो."

"घरी जनावरं कमी आहेत म्हणून इथे येऊन ऐकायची?" आई म्हणाली. पण मग तिने मुद्दाम पाय पुढे टाकला, एक बकरी बें बें करू लागली, आणि आई तोंडावर हात ठेवून हसली. किती तरी दिवसांनी ऐपेरी आईचं हसू ऐकत होती. ते थांबूच नये असं तिला वाटलं, कारण पुढे शिर्दाक होता.

आई शिर्दाकापाशी गेली. हसू चेहऱ्यावरच राहिलं, मग हळूहळू पुसलं गेलं. तिने चौकोनी भोकातून हात घातला. तळवा पलीकडच्या भिंतीला टेकला. मग ती बाजूच्या पाटीकडे वळली आणि ओठ हलवत वाचू लागली. 'हा शिर्दाक माझ्या आईने माझ्या लग्नासाठी केला. लग्न झालं नाही. तुम्हाला हवा तेवढा कापून न्या.'

"कोणी नेला?" आईने विचारलं.

"बघायला आलेल्या लोकांनी."

"कोण लोक?"

"एक म्हातारे आजोबा होते. बुटात घालायला हवा म्हणाले. एका नर्सबाईंना रात्रपाळीला खुर्चीवर ठेवायला पाहिजे होता." ऐपेरीने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "पहिल्या संध्याकाळी तर कोणी कात्रीला हातही लावला नाही, अपा. मला वाटलं, सुटले."

"आणि हा मधला?"

"एक मुलगी होती. माझ्याहून लहान असेल. कानात नवे डूल होते. कापताना रडत होती. मी काही विचारलं नाही."

आईने त्या चौकोनाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. पलीकडे तिलेकने फळ्यांची वायर काढून ठेवली.

"कात्री कुठाय?"

ऐपेरीने ती खिशातून काढून दिली. आता आई दोऱ्या कापणार, शिर्दाक उतरवणार, वळकटी करून घरी नेणार, हे तिने मनात धरून टाकलं. आईने अंगठ्याने पात्याची धार पाहिली.

"मधलं फूल कोणी नेलं नाही?"

"कोणाची हिंमत झाली नाही."

"धर इकडून."

ऐपेरीने कड धरली. आईने कात्री लावली. नमदा जाड होता. दोन्ही हातांनी जोर लावत, मेंढीची लोकर कातरावी तशी सावकाश ती फुलाभोवती फिरली. तिच्याच हाताचे टाके एकेक करून तुटत होते. फूल सुटून आलं तेव्हा तिने ते झटकलं, घडी घालून पिशवीत ठेवलं.

"दूध काढताना बसायला होईल," ती म्हणाली. "चल, चहा आणलाय."

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. अंगणात वितळत्या बर्फाचं पाणी छपरावरून ठिबकत होतं. आईने पिशवीतून थर्मास काढला, पियाले काढले, फडक्यात बांधलेले बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, मध्ये ठेवले. ऐपेरीने एक उचलला, पण खाल्ला नाही.

"अपा, तू रागाव ना."

"कशाला?" आईने फडक्याची गाठ उगाच पुन्हा सोडली. "तुझं लग्न मोडल्यावर शिर्दाक उन्हात घातला की गल्लीतल्या बायका विचारायच्या, काय गं, कधी लागणार हा कामी? मग मी घालणंच सोडलं. पेटीत ठेवला की तीच पेटी रोज डोळ्यासमोर." तिने बोरसोक ऐपेरीकडे सरकवले. "एर्मेकचं लग्न झालं. ठाऊक आहे?"

"नाही."

"झालं. बोलावलं होतं, गेले. पुलाव कोरडा होता." आईने आवाज खाली आणला, जणू अंगणात कोणी ऐकत होतं. "मला तो मुलगा कधीच आवडला नव्हता, माझ्या शिंगरा."

ऐपेरी तिच्याकडे बघतच राहिली. "मग बोलली का नाहीस?"

 आईने बोटांवरचे बोरसोकचे कण झटकले. सुईने घट्टे पडलेली बोटं होती ती.

"शिर्दाक अर्धा झाला होता गं," ती म्हणाली.

ऐपेरीच्या तोंडून आवाज फुटला. रडण्यासारखा सुरू झालेला तो आवाज मध्येच हसण्यात गेला. "आणि मी! तू शिवत बसायचीस ते बघून मीही बोलत नव्हते. वाटायचं, आता इतका झालाय, आता कसं सांगायचं!"

"वेडी कुठली," आई म्हणाली. पण तिचेही खांदे हलू लागले होते. रुमालाच्या टोकाने ती डोळे पुसत राहिली.

दारातून तिलेकने डोकं बाहेर काढलं. "ऐपेरी, आत लोक आलेत. कात्री मागतायत."

ऐपेरीने आईकडे पाहिलं. कात्री आईच्या मांडीवरच होती. आईने ती मुठीकडून तिलेकपुढे केली. "दे त्यांना. आणि सांग, काठाचा भाग घ्या, तो टिकेल."

तिलेक गेला. ऐपेरीने थर्मास उचलून आईच्या पियाल्यात चहा ओतला. लवकर उठू नये अशा पाहुण्याला देतात तसा, जेमतेम अर्धा, पुन्हा पुन्हा भरता येईल असा. आईने पियाल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पाठ भिंतीला टेकून पाय लांब केले.