वीतभर आखूड

दुर्बिणीची आखणी जिने केली, तिला डोंगरावरच्या त्या केंद्रात सगळे ताई म्हणत. आरसे बसवले होते मामांनी. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने फिटर. सत्तर तुकड्यांचा मोठा आरसा त्यांनी केसाइतकाही फरक न ठेवता जुळवला होता.

ही दुर्बीण टिपणार होती विश्वाच्या बालपणी निघालेला प्रकाश. तो आता इतका विरलाय, की त्याच्यापुढे पायाखालची थंडगार जमीनही भट्टीसारखी ठरते. तिची ऊब कॅमेऱ्यात शिरली, की सगळी मेहनत पाण्यात. आणि पहिल्याच महिन्यात काढलेल्या आकाशाच्या नकाशात नको तो आडवा पट्टा उमटला.

"तुकडे नीट बसलेले नाहीत," केंद्राचे प्रमुख बैठकीत म्हणाले.

मामांनी मान खाली घातली. "पुन्हा मोजतो."

बैठकीनंतर चौथ्या दिवशी ताईने सहज आपलं जुनं गणित काढलं. कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती एक काळी भिंत होती, बाजूची ऊब अडवायला. वजन जास्त भरलं म्हणून आराखडा पाठवायच्या घाईत तिने ती वीतभर आखूड केली होती. गणित मात्र पुन्हा केलं नव्हतं. आता केलं, तर पट्टा बरोबर त्याच जागी आला.

पाहणी समिती येऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. समिती आली, गेली. मग ताई स्वतःशी म्हणाली, एकदा नीट तपासून घेऊ. खिडकीतून रोज शिडीवरचे मामा दिसत, मापं पुटपुटणारे.

एकदा ते तिच्या टेबलापाशी आले आणि दोन्ही हात पुढे धरले. "ताई, माझ्या हाताला कंप सुटलाय का हो? खरं सांगा."

हात दगडासारखे स्थिर होते.

"थंडीमुळे असेल, मामा," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मामांना कामावरून बाजूला केलं. ते अवजारांची पेटी उचलून गेले. त्या दिवशी ताईने गणिताचा कागद प्रमुखांपुढे ठेवला.

"कधी कळलं हे?"

"चौथ्या दिवशी."

प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तिथून ती थेट मामांच्या घरी गेली. मामा खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होते. ओवायचा, काढायचा, पुन्हा ओवायचा. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो मी," मामा म्हणाले. सुई त्यांनी डबीत ठेवली. "चूक होते हो, ताई. माझ्याही झाल्यात. पण मी हात पुढे केले होते तेव्हा..."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "माफ करा," ती कशीबशी म्हणाली.

प्रमुखांनी स्वतः जाऊन मामांना परत आणलं. भर बैठकीत ताईने चूक कोणाची ते सांगितलं, लपवल्याचंही सांगितलं. नवी भिंत मामांनीच बसवली आणि पुढच्या नकाशात पट्टा नव्हता. लोकांनी ताईचंही अभिनंदन केलं. ते ऐकताना तिला तोंड कुठे लपवावं कळेना.

मामा आता काम हाती घेण्याआधी तिचा आराखडा मागतात आणि प्रत्येक आकडा स्वतः पडताळतात. कामापुरतं बोलतात. जेवायच्या सुट्टीत मात्र डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात.