भट्टीचा पहिला नंबर

"मावशी, खाली उतरा. हाडं मोडून घ्याल."

ओटिलीचा हात पान्यावर तसाच थांबला. ती स्वयंपाकघरातल्या तिवईवर उभी होती, तिवई खडीच्या वाटेवर होती आणि समोरच्या खांबावरची सायकलवाल्यांची पाटी अर्धी फिरवून झाली होती. आवाज कोणाचा हे मागे न बघताच कळलं. ज्याने जन्मभर दारात टपाल आणून दिलं, त्याचा आवाज विसरेल कोण? गेर्नोट शुक्रवारी सकाळी या बाजूला फिरकत नाही, या भरवशावर ती आली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला.

"पाटी सैल झाली होती," ती म्हणाली. "म्हटलं, घट्ट करावी."

"घट्ट करताय का वळवताय?"

"घट्ट करता करता वळली."

गेर्नोटने सायकल झाडाला टेकवली आणि हात देऊन तिला खाली उतरवलं. नोकरी संपल्यावर लोक बागा फुलवतात. याने या वाटेवरच्या पाट्यांची राखण अंगावर घेतली होती. जुन्या रेल्वेच्या भरावावरून निघायचं, बीचच्या झाडांच्या रानात शिरायचं, बंद पडलेल्या काळ्या दगडाच्या खाणीला वळसा घालून तळ्यांकडे उतरायचं, आणि या सगळ्यात एकही मोटार आडवी यायची नाही, ही त्या वाटेची ख्याती. त्यासाठी लांबलांबून लोक जाड टायरच्या सायकली घेऊन येत. गेर्नोटने आयुष्यात एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं, आणि ते तो कोणाला विसरूही देत नसे. त्याच्या हद्दीतली पाटी खोटं बोलते, हे त्याच्या जिवाला लागलं होतं.

"आधी मला लाकडाच्या ट्रकचा संशय आला," तो म्हणाला. "मग टवाळ पोरांचा. मग वाऱ्याचा. वाऱ्याला पाना लागत नाही, हे काल जेवताना डोक्यात आलं."

"फार उशिरा आलं."

"मान्य आहे."

"पहिल्यांदा ट्रकनेच वळवली होती. देवाशपथ," ओटिली म्हणाली. "नंतर मी."

खरंच तसं झालं होतं. वसंतात ओंडक्यांच्या ट्रकची धडक बसून पाटी फिरली, आणि तळ्यांकडे जाणारे सायकलवाले उतार उतरून थेट श्टाइनरोटमध्ये आले. श्टाइनरोट म्हणजे मूठभर घरं आणि मधोमध गावाची सामाईक भट्टी. सायकलची वाट तिथेच संपते, पुढे फक्त गाड्यांचा हमरस्ता. ओटिली भट्टीपुढे केकचं ताट घेऊन उभी होती आणि समोर धुळीने माखलेली चार दमलेली माणसं. दमलेल्या माणसाला खायला द्यायचं असतं, एवढं तिला कळत होतं. ताट रिकामं झालं. पुढच्या शनिवारी आणखी माणसं आली.

त्याआधी तिने भट्टी बंद करायचं मनात पक्कं केलं होतं. एकेकाळी शनिवारी सगळं गाव तिथे असे. भट्टीच्या पाळीचे नंबर काढायचे, कारण पहिला नंबर कोणालाच नको असायचा. आठवडाभर थंड पडलेले दगड तापवायला ढीगभर लाकूड लागतं. दुसरा येतो तो तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतो. तिचा नवरा हायनर पहिला नंबर आला की पाद्र्यासमोरसुद्धा शिव्या द्यायचा. मग म्हातारे एकेक करून गेले, तरण्यांनी दुकानातला पाव धरला, हायनरही गेला. आता पहिला नंबर ओटिलीचा आणि शेवटचाही तिचाच. आणि ती भट्टी अशी, की थोडकी पेटतच नाही. तापली की गावाएवढं भाजून घ्यायचं. एकट्या बाईने एवढं भाजून कोणाला घालायचं? सायकलवाले आले आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळालं.

"तू पहिल्यांदा पाटी सरळ केलीस, त्या शनिवारी माझी तीन ताटं उरली," ती गेर्नोटला म्हणाली. "कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनीसुद्धा तोंड फिरवलं."

गेर्नोट हसला नाही. एरवी हसला असता.

"मावशी, मागच्या रविवारी मला एका माणसाचा फोन आला होता. आदल्या दिवशी तुमच्याकडे येऊन गेला. दोन लहान मुली बरोबर होत्या."

"झुपकेदार मिशांचा. धाकटीच्या पुढच्या दातात फट. तिने आलुबुखाऱ्याच्या केकचे तीन तुकडे खाल्ले."

"त्यांना तो चढ पुन्हा चढवेना. म्हणून ते तुमच्या गावातून हमरस्त्याला लागले. तळ्यांपर्यंत हमरस्त्याने. एक मालवाहू गाडी धाकटीला इतकी घासून गेली, की पोर भिऊन खड्ड्यात पडली. लागलं काही नाही. पण तो माणूस फोनवर रडत होता."

ओटिली तिवईवर बसली. त्या पोरीला तिनेच म्हटलं होतं, 'खा गं, अजून खूप आहे.' हमरस्ता तिच्या डोक्यातच आला नव्हता. हायनर असताना त्या रस्त्यावर दिवसाला चार गाड्या जायच्या. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या मुलीचे गाल पुसून द्यावेत असं वाटलं.

तिने पाना गेर्नोटपुढे धरला.

"तूच कर सरळ. माझा हात नको लागायला."

त्याने पाटी सरळ केली आणि तिवई खांद्यावर टाकून तिला घरापर्यंत सोडलं. दारात ती म्हणाली, "आलुबुखारे चिरून ठेवलेत, ते टाकवणार नाहीत. उद्या एकदा भाजते आणि सोमवारी भट्टीची चावी गावप्रमुखाला देऊन टाकते."

"बघा बुवा, तुमचं तुम्ही," असं म्हणून गेर्नोट सायकलवर बसून निघून गेला. एवढंच म्हणाला याचा तिला थोडा रागच आला.

शनिवारी सकाळी ती भट्टीपाशी आली, तेव्हा गेर्नोट तिथल्या बाकावर बसला होता. मांडीवर एक पातेलं, वर चौकटीचा टॉवेल.

"हे काय आणलंस?"

"पावाचं पीठ. राय धान्याचं. स्वतः मळलंय."

तिने टॉवेल उचलून बघितलं. "हे पीठ आहे का चिखल?"

"पहिलीच वेळ आहे, मावशी. जरा दमानं घ्या. आणि दुपारी पाहुणे येतील बहुतेक. ताटं भरून भाजा."

"कुठून येतील? पाटी सरळ केलीस ना?"

"सरळच आहे. खाली एक फळी ठोकलीय." गेर्नोटने घसा खाकरला, रात्रभर घोळवलेलं वाक्य त्याने पाठ म्हणून दाखवलं. "'मुद्दाम वाट चुकायची असेल, तर डावीकडे उतरा. शनिवारी केक. पुढे सायकलची वाट नाही. उतरलात तसे चढून परत या.'"

"चढ आहे म्हटल्यावर कोण कडमडायला येईल?"

"ज्याला चढायची खुमखुमी असेल तो येईल. बाकीचे सुखरूप तळ्यावर जातील. यात खोटं एक अक्षर नाही."

ओटिलीने चावी काढली, पण लगेच कुलपाला लावली नाही. ती तशीच उभी राहिली, कारण डोळे भरून आले होते आणि पोस्टमनसमोर ते पुसायचे नव्हते.

"चला, नंबर काढा," गेर्नोट म्हणाला. "दोघं आहोत, म्हणजे रीतसर व्हायला हवं."

तिने कुलूप उघडलं. आत खिडकीत नंबरांचा डबा होता. ओटिलीने फुंकर मारून धूळ उडवली आणि लाकडाच्या दोन चकत्या, एक आणि दोन, गेर्नोटच्या टोपीत टाकल्या. त्याने टोपी हलवून तिच्यापुढे धरली.

"आधी तुम्ही. वडीलधाऱ्यांचा मान."

तिने आत हात घातला. बोटाला पहिल्याने जी चकती लागली तिची कड कुरतडलेली होती. एक नंबरची चकती फार वर्षांपूर्वी उंदराने कुरतडली होती. हे श्टाइनरोटमध्ये सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिथे उघड्या बोटांनी नव्हे, तर जाड हातमोजा घालून नंबर काढायचे, आणि हायनर तरीही फसवायचा. पोस्टमनला मात्र हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. ओटिलीने ती चकती सोडली आणि दुसरी उचलली.

"दोन," ती म्हणाली.

गेर्नोटने उरलेली काढली, उलटसुलट करून पाहिली. "पहिल्याच दिवशी पहिला! नशीबच फुटकं."

"लाकडं मागच्या पडवीत आहेत," ओटिली म्हणाली. "जाड ओंडके आधी. आणि कंजूषपणा करू नकोस, दगड थंड आहेत."

तो गेला. ती बाकावर टेकली, केकचं ताट शेजारी ठेवलं आणि दोन नंबरची चकती मुठीत धरून बसली. पडवीत लाकडं पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ गेर्नोटने हायनरचीच एक जुनी शिवी हासडली. थोड्या वेळाने धुराड्यातून धूर निघाला. तो दुसऱ्याने पेटवलेल्या जाळाचा होता, आणि तिला आपली पाळी येईपर्यंत काही काम नव्हतं.